प्लेज एज्युकेटर झालेल्या पुतण्यास

चि. पुतण्यास अनेक आशीर्वाद.

फ्रॅटर्निटीत, म्हणजे तुमच्या कॉलेजातल्या मुलांच्या मंडळात, प्लेज एज्युकेटर म्हणून निवड झाल्याचं तू फोनवर सांगितलंस आणि मी नुसतं ‘बरं’ म्हटलं, हे तुला लागलं असणार. शेजारी तुझे मित्र होते, म्हणून पुढे बोललो नाही. नव्या प्लेजना, म्हणजे मंडळात शिरू पाहणाऱ्या मुलांना, सहा आठवडे ‘तयार’ करायची जबाबदारी तुझ्यावर, म्हणजे त्या सहा आठवड्यांत काही विपरीत घडलं तर पोलिसांच्या कागदावर पहिलं नाव तुझं. तुमचा प्रेसिडेंट सीनियर आहे, तो मे महिन्यात पदवी घेऊन निघून जाईल. तुला निवडलं याचा आनंद मला समजतो. घरापासून इतक्या लांब पहिल्या वर्षी तू किती एकटा होतास हे मी पाहिलंय, आणि या मुलांनीच तुला जवळ केलं. म्हणूनच जरा सविस्तर लिहितो.

तू म्हणालास, ‘काका, दारूबिरू पाजतात ते मोठ्या हाऊसवाले. आमची देसी फ्रॅट, आमच्यात फक्त पुश-अप्स, जागरण, थोडी आरडाओरड.’ आता एक प्रकरण ऐक. डिसेंबर २०१३, न्यूयॉर्कच्या बरूक कॉलेजमधल्या एका आशियाई-अमेरिकन फ्रॅटर्निटीची मुलं पोकोनोच्या डोंगरात घर भाड्यानं घेऊन गेली. हे तुझ्याच पेन्सिल्व्हेनियात. विधी असा होता की प्लेजच्या डोळ्यांवर पट्टी बांधायची, पाठीवर वाळू भरलेली सॅक द्यायची आणि गोठलेल्या अंगणातून त्याला चालायला लावायचं. वाटेत ब्रदर्स, म्हणजे आधीचे सदस्य, धडक देऊन त्याला पाडणार. कशासाठी, तर आशियाई माणसाला या देशात काय काय सोसावं लागतं ते त्याच्या अंगी मुरावं म्हणून! त्यातला एक मुलगा पडला तो शुद्धीवर आलाच नाही. इतरांनी त्याला आत आणलं, कपडे बदलले, इंटरनेटवर लक्षणं शोधली, हॉस्पिटल शोधलं, फ्रॅटर्निटीच्या खुणा असलेल्या वस्तू लपवायची धावपळ केली. अ‍ॅम्ब्युलन्स मात्र बोलावली नाही. बऱ्याच वेळानं गाडीत घालून नेलं. तो गेला. पुढे ३७ जणांवर आरोप ठेवले गेले. २०१७ मध्ये ज्युरीनं खुद्द राष्ट्रीय फ्रॅटर्निटीला दोषी ठरवलं आणि २०१८ च्या जानेवारीत न्यायाधीशांनी तिला राज्यातून दहा वर्षांसाठी तडीपार केलं. त्या ३७ जणांतल्या कितीजणांना आपण गुन्हा करतोय असं वाटलं असेल? माझ्या मते एकालाही नाही.

पेन स्टेटचं टिमोथी पियाझा प्रकरण तुला ठाऊक असेल. तो मुलगा आमच्या न्यू जर्सीचा. फेब्रुवारी २०१७ मध्ये फ्रॅटर्निटीच्या घरात त्याला दीड तासाच्या आत अठरा वेळा दारू पाजली. तो तळघराच्या जिन्यावरून पडला आणि मदतीसाठी फोन गेला तो सुमारे बारा तासांनी. तो वाचला नाही. घरातल्या कॅमेऱ्यांत सगळं टिपलं गेलं होतं. तळघरातलं फुटेज पुसलेलं निघालं, ते एफबीआयनं परत मिळवलं. आता तारखा बघ. त्या फ्रॅटर्निटीच्या तेव्हाच्या दोघा पदाधिकाऱ्यांनी गुन्हा कबूल केला तो २०२४ च्या जुलैत. ऑक्टोबरमध्ये दोन ते चार महिन्यांचा तुरुंगवास आणि वर तीन वर्षं प्रोबेशन, म्हणजे कोर्टाच्या देखरेखीखाली. कॉलेज सुटलं, विशी संपत आली, तरी खटला चालूच. चार महिने हा आकडा ऐकून लोक ‘सुटले स्वस्तात’ म्हणतात. मला ती मधली सात वर्षं जास्त भयंकर वाटतात.

आणि तेव्हाचा कायदा आजच्यापेक्षा सौम्य होता. २०१८ मध्ये पेन्सिल्व्हेनियानं पियाझाच्याच नावानं नवा कायदा केला. आता गंभीर इजा किंवा मृत्यू झाला तर तिसऱ्या दर्जाची फेलनी (गंभीर गुन्हा), म्हणजे सात वर्षांपर्यंत कैद. फ्रॅटर्निटीचं घरसुद्धा जप्त होऊ शकतं. मुख्य म्हणजे ‘मुलं स्वखुशीनं आली होती’ हा बचावच उरला नाही. अठरा वर्षांच्या एकट्या मुलाचं ‘हो’ किती खरं असतं, हे तुझ्याइतकं कुणाला माहीत? ताईच्या इंजिनिअरिंगच्या प्रवेशावेळी रॅगिंगविरोधी प्रतिज्ञापत्रावर बाबांनीही सही केली होती, आठवतं? महाराष्ट्रात १९९९ पासून कायदा आहे: दोन वर्षांपर्यंत कैद आणि दोषी ठरल्यावर पाच वर्षं दुसऱ्या कुठल्या कॉलेजात प्रवेश नाही. इथे तू बहुधा एखाद्या ऑनलाइन चौकोनात न वाचताच टिक केली असशील. त्या खुणेलाही अर्थ असतो.

आता माझ्या कामातलं, इमिग्रेशन वकिलीतलं. तू एफ-१ वर, म्हणजे विद्यार्थी व्हिसावर आहेस. विद्यापीठानं एका सेमिस्टरसाठी जरी निलंबित केलं, तरी पूर्णवेळ शिकणं थांबतं, सेव्हिसमधली, म्हणजे परदेशी विद्यार्थ्यांच्या सरकारी नोंदवहीतली, नोंद बंद होते आणि देश सोडावा लागतो. अशा वेळी ‘सामान आवरायला महिनाभर द्या’ अशी सोय नाही. कोर्टात काहीही सिद्ध व्हावं लागत नाही, कॅम्पसच्या शिस्त समितीचा एक ठराव पुरतो. अटक झाली तर पुढच्या प्रत्येक व्हिसाच्या अर्जावर ‘कधी अटक झाली होती का’ हा प्रश्न आहेच, आणि माफी मिळाली असली तरी उत्तर ‘हो’ असंच लिहावं लागतं. २०२५ च्या वसंतात किरकोळ पोलीस नोंदींवरून किती विद्यार्थ्यांच्या सेव्हिस नोंदी रातोरात बंद झाल्या ते तू पाहिलंस. कोर्टकज्जे झाल्यावर त्या पूर्ववत झाल्या, पण मधल्या आठवड्यांत त्या मुलांचं काय झालं असेल, विचार कर.

तुमचा प्रेसिडेंट प्री-मेड, म्हणजे पुढे मेडिकलला जाणारा, आहे ना? त्याला सांग, मेडिकलच्या सामायिक अर्जात शिस्तभंगाची कारवाई विचारतात, आणि ती रेकॉर्डवरून पुसली असली तरी सांगावी लागते. वकिलीच्या सनदेआधी चारित्र्याची चौकशी असते, सरकारी नोकरीच्या सुरक्षा क्लिअरन्सचं तर बोलायलाच नको. माझा अनुभव असा की घडलेल्या गोष्टीनं माणूस एक वेळ सावरतो, फॉर्मवर ती दडवली की सावरत नाही. शिवाय २०२४ च्या डिसेंबरात केंद्रीय कायदा झालाय: हेझिंग (आपल्याकडचं रॅगिंग) सिद्ध झालेल्या संघटनांची नावं विद्यापीठानं जाहीर करायची. त्या यादीत तुझं नाव नसेल, चॅप्टरचं, म्हणजे फ्रॅटर्निटीच्या तुमच्या शाखेचं, असेल. आणि रेझ्युमेवर ‘लीडरशिप’खाली तेच चॅप्टर तू अभिमानानं लिहिलेलं असेल.

पैशाचंही सांगतो, थोडक्यात. लुइझियानात हेझिंगमध्ये मरण पावलेल्या मॅक्स ग्रूवरच्या आईवडिलांना २०२३ मध्ये ज्युरीनं ६१ लाख डॉलर मंजूर केले. राष्ट्रीय फ्रॅटर्निटीच्या विम्यातून हेझिंग अनेकदा वगळलेलं असतं. मग एकेका मुलावर दावा लागतो. इथल्या मुलांच्या आईबापांचा निदान घराचा विमा तरी असतो. तुझ्या बाबांकडे कोथरूडचा फ्लॅट आहे, त्यावरचं कर्ज अजून फिटायचंय.

तेव्हा असं कर. पद सोड, आणि ईमेलनं सोड. तोंडी सांगितलेलं उद्या कुणाला आठवणार नाही. तू राहून सगळं सुधारशील असं तुला वाटत असेल. प्रयत्न करायचाच तर आधी लेखी कार्यक्रम बनव आणि विद्यापीठाच्या फ्रॅटर्निटी ऑफिसकडून मंजूर करून घे. ब्रदर्स तयार झाले नाहीत तर तुला उत्तर मिळालं. ग्रुपमी या चॅट अ‍ॅपवरचे जुने मेसेज पुसू नकोस, पुसणं हा वेगळा गुन्हा ठरू शकतो. आणि कुणी बेशुद्ध दिसला, डोक्यावर पडला, नुसता ‘झोपलाय’ असं वाटलं, तरी कुणालाही न विचारता ९११ लाव, नाव सांग आणि पोलीस येईपर्यंत त्याच्याजवळ थांब. असं करणाऱ्याला तुझ्या राज्याचा कायदा संरक्षण देतो. इतर बाबतींत तो इतका उदार नाही.

चौकशीला बोलावलं तर आधी स्वतःचा वकील कर. फ्रॅटर्निटीचा वकील फ्रॅटर्निटीचा असतो. शिस्त समितीपुढे बोललेलं पोलिसांपर्यंत जाऊ शकतं. मी इमिग्रेशनवाला आणि तुझा काका, तुझा वकील नव्हे, म्हणून आधी काही घडलं असेल तर ते मला पत्रात किंवा व्हॉट्सअ‍ॅपवर लिहू नकोस. फौजदारी वकिलाचा नंबर वेगळा पाठवतो, पहिल्या भेटीची फी मी भरेन.

बाबांना मी काही कळवलेलं नाही. ते तू सांग, पण या रविवारच्या फोनच्या आत. राजीनाम्याच्या ईमेलमध्ये कारणं लिहू नकोस, कुणावर आरोप करू नकोस, दोन ओळी पुरेत. पाठवलास की तारखेसकट पीडीएफ काढून ठेव.

तुझा,
काका