साथीच्या काळात नेत्याने लोकांशी कसं बोलावं? कोरोनात कोणाचं बोलणं तुम्हाला सगळ्यात पटलं?

माझं उत्तर: जर्मनीच्या तेव्हाच्या चॅन्सेलर (सरकारप्रमुख) अँगेला मर्केल.

धीर सगळेच देतात. मी एवढंच बघतो, की भाषण संपल्यावर उद्या दूध-भाजी आणायला जायचं की नाही आणि का, हे घरातल्या माणसाला कळलं का.

24 मार्च 2020 च्या रात्री आठला पंतप्रधान मोदी बोलले आणि बाराच्या ठोक्यापासून 21 दिवसांची टाळेबंदी लागली. घराच्या दाराशी आखलेली लक्ष्मणरेषा लहान पोरालाही समजली. पण किराणा मिळत राहणार की नाही, याची लोकांना खात्री वाटली नाही. वाण्याच्या दारात झुंबड उडाली आणि 'घाबरू नका' असं ट्वीट पंतप्रधानांना करावं लागलं.

न्यूझीलंडमध्ये तेव्हाच्या पंतप्रधान जसिंडा आर्डर्न यांनी 21 मार्चला निर्बंधांच्या चार पातळ्या समजावल्या आणि 23 ला, 48 तासांची मुदत देऊन, चौथी, म्हणजे सगळ्यात कडक पातळी जाहीर केली. (दुकानांत गर्दी तिथेही झालीच. शिवाय 50 लाखांचा देश सांभाळणं वेगळं.) आपल्याकडे उद्धव ठाकरेंच्या फेसबुक लाइव्हमध्ये आवाज कधी चढायचा नाही. सुरुवातीच्या घबराटीत त्याचा उपयोग झाला, असं माझं मत.

मर्केल एरवी टीव्हीवरून देशाशी बोलायच्या त्या नववर्षाच्या निमित्ताने. 18 मार्च 2020 ला त्या मुद्दाम आल्या आणि सरळ म्हणाल्या, की परिस्थिती गंभीर आहे, तुम्हीही ती गांभीर्याने घ्या. सुपरमार्केटच्या गल्ल्यावर बसणाऱ्यांचे आभारही मानले. मला जास्त आवडलं ते 15 एप्रिलचं. एक रुग्ण सरासरी 1.1 जणांना लागण देत राहिला तर ऑक्टोबरमध्ये आपली रुग्णालयं अपुरी पडतील, 1.2 झालं तर जुलैमध्ये, 1.3 झालं तर जूनमध्येच, असं त्यांनी सांगितलं. बाई मुळात शास्त्रज्ञ, पण हे गणित दहावीच्या पोरालाही कळावं. निर्बंध का हवेत, ते त्यातच आलं.

पुढच्या वर्षी ईस्टरच्या कडक टाळेबंदीचा निर्णय अंगाशी आला, तेव्हा 24 मार्च 2021 ला त्यांनी तो मागे घेतला. चूक फक्त माझी, असं म्हणून लोकांची माफी मागितली. मोदींनीही 29 मार्च 2020 च्या 'मन की बात'मध्ये क्षमा मागितली होती, पण ती लोकांना झालेल्या त्रासाबद्दल. टाळेबंदीला दुसरा मार्ग नव्हता, हे त्यांचं म्हणणं कायम होतं. मर्केलनी निर्णयच चुकल्याचं कबूल केलं.