पाण्याचा पंप की हवेचा? आधी सांगा, कशासाठी

माझ्या परळच्या दवाखान्यात लिंगाला लावायच्या पंपाचे हे प्रश्न दार लोटून घेतल्यावर, आवाज खाली आणून विचारले जातात. पत्रात नाव द्यावं लागत नाही, म्हणून इथे ते मोकळेपणाने आले आहेत. उत्तरंही तशीच देतो.

प्रश्न : वय ३१, घाटकोपर. ऑनलाइन दोन पंप पाहिले. एक साधा व्हॅक्यूमचा, दुसरा पाणी भरून वापरायचा आणि बराच महाग. पाण्याच्या पंपाने लांबी कायमची वाढते म्हणतात. कोणता घेऊ?

लांबीसाठी घेणार असाल तर दोन्ही घेऊ नका.

दोन्हींचं तत्त्व एकच आहे. नळीतला दाब बाहेरच्यापेक्षा कमी केला की रक्त लिंगाकडे ओढलं जातं. साध्या पंपात हाताने किंवा बॅटरीवर हवा काढतात. पाण्याच्या पंपात नळी कोमट पाण्याने भरून खालचा रबरी भाता अंगाशी दाबायचा. वरच्या व्हॉल्व्हमधून थोडं पाणी बाहेर पडतं, भाता पुन्हा फुलायला बघतो आणि ओढ तयार होते. पाणी हवेसारखं प्रसरण पावत नाही, त्यामुळे ओढ एकसारखी लागते, आणि कोमटपणाने कातडी सैल पडते. पाण्याचा पंप अंगाला सुखाचा वाटतो, हे खरं आहे. त्याचा मोठेपणा तिथेच संपतो. शिवाय अंघोळ करता करता वापरायची ही वस्तू. वन रूम किचनमध्ये बाथरूमबाहेर चार माणसं खोळंबलेली असताना ते कसं जमणार, याचाही विचार करा.

पंप काढल्यावर जे जाडजूड दिसतं ते रक्त आणि पेशींमध्ये साचलेला द्रव असतो. म्हणजे सूज. काही वेळात ती उतरते. २००६ साली इराणच्या डॉक्टरांनी काही पुरुषांना सहा महिने नियमित व्हॅक्यूम पंप वापरायला देऊन मोजमाप केलं. लांबीची सरासरी ७.६ सेंटीमीटरवरून ७.९ झाली, म्हणजे नाव घेण्यासारखा फरक पडला नाही.

तुमच्यासारख्या बहुतेक तरुणांचं माप मुळात चांगलं असतं. २०१५ मध्ये १५ हजारांहून जास्त पुरुषांची मापं एकत्र करून पाहिली, तेव्हा ताठर लिंगाची सरासरी १३.१२ सेंटीमीटर निघाली. मोजताना पट्टी वरच्या बाजूने, हाडाला टेकेपर्यंत दाबून धरायची. वरून खाली बघताना स्वतःचं नेहमी आखूडच दिसतं, आणि पोट सुटलं की मुळाकडचा भाग चरबीत बुडतो. पोट कमी केलंत तर तो भाग पुन्हा दिसू लागेल.

प्रश्न : वय ५४, कांदिवली. दहा वर्षं मधुमेह आहे, अँजिओप्लास्टी झाली आहे. ताठरता टिकत नाही. छातीत दुखलं तर जिभेखाली सॉर्बिट्रेट ठेवतो, म्हणून डॉक्टरांनी ती निळी गोळी बंद केली. पाण्याचा पंप चालेल का?

गोळी बंद केली ते अगदी बरोबर. सिल्डेनाफिल, म्हणजे ती निळी गोळी, आणि सॉर्बिट्रेट एकत्र शरीरात गेलं तर रक्तदाब कोसळतो, जिवावर बेततं. मित्राने दिली म्हणून एखादी अर्धीसुद्धा घेऊ नका.

पंप खऱ्या अर्थाने तुमच्यासारख्यांसाठीच आहे, पण हवेचा, रिंग असलेला. पाण्याच्या पंपासोबत सहसा रिंग नसते; नळी काढली की रक्त परत फिरतं आणि काम होत नाही. रिंग ते मुळाशी अडवून धरते.

नळीच्या तोंडाला आणि लिंगाला जेली लावा, मुळाशी केस कापून घ्या, नाहीतर हवा निसटत राहते. सावकाश पंप करा, मध्ये क्षणभर थांबा, पुन्हा करा. पुरेशी ताठरता आली की रिंग नळीवरून मुळाशी सरकवा. ती ३० मिनिटांच्या आत काढायची, आणि पुन्हा वापरण्याआधी निदान तासभर जाऊ द्यायचा. रिंग तशीच ठेवून झोप लागली तर इजा होऊ शकते, म्हणून मोबाइलवर गजर लावा. लिंग थोडं गार, निळसर लागेल, मुळाशी डगमगेल, वीर्य रिंग काढेपर्यंत आत अडकून राहील. बायकोला हे आधी सांगून ठेवा, म्हणजे ती घाबरणार नाही.

मधुमेहात संवेदना बोथट होते, म्हणून दुखत नाही एवढ्यावर विसंबू नका. काढल्यावर उजेडात नीट बघा. रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या चालू असतील तर हृदयाच्या डॉक्टरांना विचारल्याशिवाय पंप लावू नका. वॉरफरिन असेल तर मुळीच नाही. आणि स्टेशनचा पूल न थांबता, छातीत न भरता चढता येतो का, तेही त्यांना सांगा. पंप घेताना ओढ ठरावीक मर्यादेपलीकडे जाऊ न देणारा व्हॉल्व्ह त्यात आहे ना, हे तपासा. तो नसेल तर स्वस्त मिळाला तरी नको.

प्रश्न : वय २७, विरार. रोज चाळीस मिनिटं पंप वापरतो. टोकाला लाल ठिपके आणि कडेला काळसर डाग आलाय.

आजपासून बंद करा. बारीक रक्तवाहिन्या फुटल्या आहेत. डाग आठवडाभरात गेला नाही, लघवीतून रक्त आलं किंवा ताठर असताना लिंग वाकायला लागलं, तर लगेच युरोलॉजिस्टला दाखवा.

प्रश्न : गृहिणी, लालबाग. कपाटावर कापडात गुंडाळलेला पंप सापडला. मिस्टर ४६ वर्षांचे, सिगारेट ओढतात. वर्षभर ते माझ्यापासून लांबच राहतात. मला वाटलं, माझंच काही चुकलं. विचारू का?

ताई, तुमचं काही चुकलेलं नाही. विचारा, पण पंपावरून सुरुवात करू नका.

मला त्यांच्या हृदयाची जास्त काळजी वाटते. लिंगाच्या रक्तवाहिन्या एक-दोन मिलिमीटरच्या, हृदयाच्या तीन-चार. चरबीचा थर सगळीकडे बसत असतो, पण चणचण आधी बारीक नळीत जाणवते. त्यामुळे ताठरतेची तक्रार पुष्कळदा हृदयविकाराच्या दोन-चार वर्षं आधी येते. पंपाने तक्रार झाकली जाते, आजार आत वाढत राहतो. पहाटेची ताठरता येते का, हेही कळायला हवं. ती येत असेल तर बहुधा मनावरचा ताण, नसेल तर शरीरात शोधायला हवं.

रक्तदाब, शुगर, कोलेस्टेरॉल, टेस्टोस्टेरॉन एवढं तपासून घ्या. टेस्टोस्टेरॉनसाठी रक्त सकाळीच द्यावं लागतं. 'चाळिशी उलटली, आपण दोघंही एकदा तपासून घेऊ' असं म्हणा आणि रविवारी उपाशीपोटी जोडीनेच लॅबमध्ये जा. तुमचीही शुगर कळेल.