नवी रायफल मॅगझिन्स साठवून ठेवण्याआधी तपासावी लागतात का?

हो. तुम्ही दहा नवी मॅगझिन्स (रायफलीला काडतुसं पुरवणारे, काढता-घालता येणारे डबे) घेतली आहेत आणि पाकीट न फोडताच ती पेटीत ठेवली तर चालेल का, असं विचारलंय. मी तसं कधीच करणार नाही, कारण मॅगझिनचा दोष हमखास रायफलीच्या माथी मारला जातो. माझी एआर-१५ रायफल गोळ्या झाडताना अचानक अडकायची. मी एक्स्ट्रॅक्टर (रिकामं काडतूस ओढून काढणारा आकडा) बदलला, बफर स्प्रिंग बदलली, सगळी खोलून साफ केली. अडकणं काही थांबेना. शेवटी लक्षात आलं की अडकताना दर वेळी तेच एक मॅगझिन लावलेलं असायचं. एकसारख्या दिसणाऱ्या आठ मॅगझिन्समधून ते ओळखणार कसं? तेव्हापासून पाकीट फोडलं की आधी मार्करने नंबर टाकतो, मग बाकीचं.

घरी रिकामं मॅगझिनच तपासा. फीड लिप्सना (वरचं काडतूस धरून ठेवणाऱ्या तोंडाशी असलेल्या कडांना) तडा किंवा बारीक कंगोरा आहे का ते बोट फिरवून बघा. फॉलोअर, म्हणजे स्प्रिंगवर बसून काडतुसं वर ढकलणारा तुकडा, पुढून आणि मागून दाबा. तो तिरका होऊन रुतता कामा नये. चेंबर (नळीतली काडतूस बसायची जागा) रिकामं असल्याची खात्री करून मॅगझिन लावा आणि बोल्ट, म्हणजे काडतूस चेंबरमध्ये ढकलणारा सरकता भाग, मागे ओढा. एआरमध्ये तो मागेच अडकून राहायला हवा. घरात फीडिंग, म्हणजे काडतूस मॅगझिनमधून चेंबरमध्ये नीट जातं का, हे बघायचंच असेल तर फक्त डमी राउंड (नकली काडतुसं) वापरा, खरं काडतूस अजिबात नको.

खरी परीक्षा रेंजवर, आणि तीही पूर्ण भरलेल्या मॅगझिनची. पाच-पाच राउंड भरून केलेली चाचणी मी धरत नाही. ३० राउंड भरून बोल्ट बंद असताना मॅगझिन लावून बघा. वरच्या राउंडला खाली दबायला जागाच उरली नाही, तर मॅगझिन धरून ठेवणारा खटका नीट बसत नाही. म्हणून बरेच जण २८च भरतात. व्हिएतनाममध्येही एम-१६ च्या २० राउंडांच्या मॅगझिनमध्ये सैनिक १८-१९ भरायचे. पहिल्या राउंडला स्प्रिंगचा दाब सगळ्यात जास्त, शेवटच्या दोन-तीनला सगळ्यात कमी, आणि गडबड बहुधा या दोन टोकांनाच होते. पुढे जी काडतुसं वापरणार आहात, त्याच काडतुसांनी प्रत्येक मॅगझिन निदान तीनदा पूर्ण रिकामं करा. शेवटच्या राउंडनंतर बोल्ट मागे थांबला का, हे दर वेळी लिहून ठेवा. एकदा अडकलं तर काडतुसाचा दोष असू शकतो. त्याच नंबरला पुन्हा अडकलं तर ते मॅगझिन बाजूला काढा. पैसे दिलेत म्हणून त्याच्यावर दया दाखवू नका.

नंतर खोलून कोरड्या फडक्याने पुसा. आत तेल घालू नका, त्यावर काजळी आणि धूळ चिकटते. जोडताना स्प्रिंग उलटी बसत नाही ना, तेवढं बघा.

भरून ठेवल्याने स्प्रिंग मेल्याची भीती बरेच जण घालतात, पण ती झिजते मुख्यतः पुन्हा पुन्हा दबण्या-सुटण्याने. प्लास्टिकच्या मॅगझिनमध्ये मला काळजी फीड लिप्सची वाटते. सतत दाब राहिला तर त्या फाकू शकतात. मॅगपुल कंपनीच्या काही पीमॅग नावाच्या प्लास्टिक मॅगझिन्ससोबत येणारं झाकण लिप्सवरचा हा दाब काढतं. तुम्हाला नुसती साठवायची आहेत ना? मग रिकामीच ठेवा, कोरड्या जागी, सिलिका जेलच्या पुड्यांसोबत. चाचणीचा कागदही त्याच पेटीत टाका.