शार्कच्या अभ्यासात पूर्ण डीएनए सोडून मायटोकॉन्ड्रियल डीएनएच का वापरतात? त्यावरून उत्क्रांती कशी कळते?

मायटोकॉन्ड्रियल डीएनए म्हणजे पेशीत ऊर्जा तयार करणाऱ्या मायटोकॉन्ड्रिया या भागांतला छोटासा वेगळा डीएनए. तो वापरण्याचं पहिलं कारण अगदी व्यवहारी आहे: तो मुबलक असतो. पेशीच्या केंद्रकात प्रत्येक जनुकाच्या दोनच प्रती, मायटोकॉन्ड्रियल डीएनएच्या मात्र शेकडो-हजारो. दुर्मीळ मुशीचा ताजा तुकडा मिळणार कुठून? हाती येतो तो कुठल्यातरी संग्रहालयात वर्षानुवर्षं वाळलेला जबडा. त्यातल्या डीएनएचा भुगा झालेला असतो, पण एवढ्या प्रतींमधून तुकडे जुळवता येतात.

शिवाय तो फक्त आईकडून येतो. बापाची सरमिसळ नाही, म्हणून आई, आजी, पणजी असं मागे जाता येतं. दोन मुशींच्या डीएनएतल्या अक्षरांचे (म्हणजे त्याच्या साखळीतल्या घटकांचे) फरक जितके जास्त, तितकी त्यांची सामाईक पणजी लांबची.

माझं आवडतं उदाहरण गंगा शार्कचं. भारतात २००१पासून संरक्षित, तरी इतकी विरळ की २०१६मध्ये मुंबईच्या ससून डॉकवर एक मादी आली तेव्हा तिच्यावर शोधनिबंध निघाला. हिच्या दोन बहिणी मानल्या जात: एक बोर्निओची, दुसरी म्यानमारच्या इरावतीची. इरावतीच्या जातीचा तर १९व्या शतकातला एकच नमुना होता. २०१५मध्ये जुन्या वाळक्या नमुन्यांमधून संपूर्ण मायटोकॉन्ड्रियल जीनोम (म्हणजे तो डीएनए पहिल्या अक्षरापासून शेवटच्यापर्यंत) वाचले गेले आणि या तिन्ही जाती एकच निघाल्या. म्हणजे नदीची म्हणवली जाणारी ही मुशी समुद्र ओलांडूनही पसरलेली आहे. संवर्धनाच्या दृष्टीने हा फरक मोठा आहे, कारण मग जपायची ती एकटी गंगा उरत नाही.

यात एक अडचण आहे. डीएनएत बदल साचत जातात, तेच काळ मोजायचं घड्याळ; शार्कचं हे घड्याळ फार हळू चालतं. सस्तन प्राण्यांच्या तुलनेत त्यांचा मायटोकॉन्ड्रियल डीएनए सात-आठ पट सावकाश बदलतो, असं १९९२मध्येच दाखवलं गेलं. त्यामुळे एकाच जातीत एखादा छोटा तुकडा वाचून हाती काही लागत नाही. गंगा शार्कच्याच कुळातल्या, उत्तर ऑस्ट्रेलियाच्या स्पीअरटूथ शार्कमध्ये हेच घडलं. नेहमीचा कंट्रोल रीजन (अशा अभ्यासात सहसा वाचला जाणारा मायटोकॉन्ड्रियल डीएनएचा छोटा तुकडा) पाहिला तर वेगवेगळ्या नद्यांतल्या मुशींमध्ये फारसा फरक दिसेना. सुमारे १६,७०० अक्षरांचा पूर्ण जीनोम वाचल्यावर नदीनदीचे वंश वेगळे दिसले. यावरून माद्या आपली नदी सहसा सोडत नाहीत, असा अर्थ निघतो.

पण फक्त आयांची गोष्ट ऐकून निष्कर्ष काढण्यात धोका असतो. ग्रेट व्हाइट शार्कचंच बघा. २००१मध्ये दक्षिण आफ्रिका आणि ऑस्ट्रेलिया-न्यूझीलंडच्या मुशींचा मायटोकॉन्ड्रियल डीएनए वेगळा आढळला, केंद्रकाचा मात्र जवळपास सारखा. म्हणून म्हटलं गेलं की नर भटकतात, माद्या घरीच असतात. मग २००३मध्ये दक्षिण आफ्रिकेत टॅग लावलेली एक मादी, नाव निकोल, थेट ऑस्ट्रेलियाला गेली आणि नऊ महिन्यांच्या आत परत आफ्रिकेत हजर. प्रवास २०,००० किलोमीटरच्या वर. म्हणजे माद्याही भटकतात.