टाइप वन मधुमेह, टी पेशी आणि काढ्याचा प्रश्न

सर, तुमच्या शाळेतल्या, टाइप वन मधुमेह झालेल्या सातवीच्या मुलीबद्दल तुम्ही तीन गोष्टी विचारल्यात. तिच्याच पेशींनी तिच्या स्वादुपिंडावर हल्ला केला असं अंबाजोगाईचे डॉक्टर म्हणाले, ते खरं का? गावातले लोक म्हणतात प्रतिकारशक्ती कमी पडली, गुळवेलीचा काढा सुरू करा, तर करावा का? आणि ज्या जपानी शास्त्रज्ञाला २०२५ चं नोबेल मिळालं, त्याच्या शोधाने ती बरी होईल का? त्यात आईवडील दिवाळीनंतर ऊसतोडीला जाणार आणि पोर आजीपाशी राहणार, हे वाचून जीव कासावीस झाला. मी परभणीला कॉलेजात सूक्ष्मजीवशास्त्र शिकवलं आहे आणि माझ्या भाच्याला लहानपणापासून हाच आजार आहे, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

सगळ्यात आधी एक. इन्सुलिन एक दिवसही बंद होता कामा नये, कोणी कितीही छातीठोकपणे सांगितलं तरी. १९२२ मध्ये टोरांटोत पहिल्यांदा माणसाला इन्सुलिन टोचलं गेलं. त्याआधी हा आजार झालेली मुलं फार दिवस जगत नसत.

डॉक्टरांचं म्हणणं खरं आहे. तिच्याच टी पेशींनी स्वादुपिंडातल्या इन्सुलिन बनवणाऱ्या पेशींवर हल्ला केला. टी पेशी म्हणजे पांढऱ्या पेशींचा एक प्रकार. छातीच्या हाडामागे थायमस नावाची ग्रंथी असते, तिथे त्या तयार होतात आणि तिथेच त्यांची छाननी होते. आपल्याच शरीरातल्या पदार्थांना जी पेशी घट्ट चिकटते, ती सहसा तिथेच मारली जाते. पण ही छाननी पक्की नसते. स्वतःवर उलटू शकणाऱ्या काही टी पेशी प्रत्येकाच्याच रक्तात सुटतात, तुमच्या आणि माझ्यासुद्धा. मग आपण सगळेच आजारी का पडत नाही? तुम्ही विचारलेले जपानी शास्त्रज्ञ म्हणजे शिमोन साकागुची. त्यांनी जवळजवळ अख्खं आयुष्य या एका प्रश्नामागे घालवलं.

त्यांच्या कामाची सुरुवात एका कोड्यातून झाली. उंदराचं पिल्लू जन्मल्यावर तिसऱ्या दिवशी थायमस काढून टाकलं, तर टी पेशी कमी होऊन पिल्लाची प्रतिकारशक्ती लुळी पडेल असं कोणालाही वाटेल. पण जपानमध्येच १९६९ साली दिसलं होतं ते वेगळं. अशा मादी पिल्लांचे अंडाशय त्यांच्याच शरीराने पोखरून टाकले. साकागुचींनी पुढे अशा उंदरांना त्याच वंशाच्या निरोगी उंदरांच्या टी पेशी टोचल्या, आणि आजार टळला. म्हणजे टी पेशींमध्येच हल्ला करणाऱ्याही आहेत आणि हल्ला थांबवणाऱ्याही. हे म्हणणं त्या काळात सोपं नव्हतं. 'दाबणाऱ्या' टी पेशींची एक जुनी कल्पना १९८० च्या दशकात तोंडघशी पडली होती, त्यामुळे बहुतेक संशोधकांनी तो विषयच सोडला. साकागुचींनी सोडला नाही. १९९५ मध्ये त्यांनी त्या पेशींची खूण दाखवली: पेशीच्या अंगावर सीडी४ या प्रथिनासोबत सीडी२५ हे प्रथिनही असतं. सीडी२५ वाल्या पेशी गाळून उरलेल्या टी पेशी, स्वतःच्या टी पेशी नसलेल्या उंदरांना दिल्या, तर थायरॉइड, जठर अशा अवयवांवर हल्ला झाला. गाळलेल्या पेशी परत दिल्या, तर हल्ला झाला नाही. विज्ञानात इतका स्वच्छ पुरावा क्वचित मिळतो. हा प्रयोग वर्गात शिकवताना मला दरवेळी भरून यायचं.

या पेशींना रेग्युलेटरी टी पेशी म्हणतात, थोडक्यात टी-रेग. दुसऱ्या टी पेशींना वाढायला लागणारा रासायनिक निरोप त्या स्वतःच शोषून घेतात. शिवाय हल्ल्याची चिथावणी देणाऱ्या पेशींच्या अंगावरचे इशारेही काढून घेतात.

साकागुचींसोबत ज्यांना हे नोबेल मिळालं ते दुसरे दोघे म्हणजे मेरी ब्रन्को आणि फ्रेड रॅम्सडेल. अमेरिकेत उंदरांची एक जात होती, तिच्यातले काही नर खवल्यांची कातडी आणि सुजलेली प्लीहा घेऊन जन्मायचे आणि काही आठवड्यांत मरायचे. बिघाड नेमका कोणत्या जनुकात, हे शोधताना या दोघांच्या हाताशी वीस जनुकं उरली होती. दोष सापडला तो विसाव्यात. त्या जनुकाला फॉक्सपी३ नाव मिळालं. २००१ मध्ये कळलं की हेच जनुक माणसात बिघडलं तर आयपेक्स नावाचा दुर्मिळ आजार होतो, बहुतेक मुलग्यांना. आणि सर, यातल्या बऱ्याच बाळांना पहिल्या काही महिन्यांतच टाइप वन मधुमेह होतो. टी-रेग पेशी फॉक्सपी३ वर चालतात हे २००३ मध्ये सिद्ध झालं. आवर घालणाऱ्या पेशी नसतील तर इन्सुलिन बनवणाऱ्या पेशींचं काय होतं, याचा यापेक्षा ठळक पुरावा नाही. मात्र तुमच्या विद्यार्थिनीचं हे जनुक बिघडलंय असा अर्थ काढू नका. नेहमीच्या टाइप वनमध्ये अनेक जनुकं आणि बाहेरची कारणं गुंतलेली असतात. त्यात कोणाची चूक नसते. आईने काय खाल्लं, मुलीने गोड किती खाल्लं, याचा काही संबंध नाही. हे तिच्या आईला आवर्जून सांगा, कारण बायकांच्या माथी हे हमखास मारलं जातं.

आता काढा. धनगराचा कुत्रा लांडगा सोडून मेंढरांनाच फाडायला लागला, तर त्याला दूधभाकरी वाढवून उपयोग नाही. या मुलीची प्रतिकारशक्ती अशक्त नाही, ती चुकीच्या जागी सुटली आहे. ती वाढवून तिचं भलं होणार नाही. गुळवेलीबद्दल सावधही राहावं लागतं. २०२१ मध्ये मुंबईच्या डॉक्टरांनी गुळवेल घेतलेल्या सहा रुग्णांच्या यकृताला झालेल्या इजेचा अहवाल छापला, आणि गुळवेल घेताना स्वतःच्या शरीरावर उलटणारा सुप्त आजार उघडा पडत असावा अशी शंका मांडली. आयुष मंत्रालयाने तो निष्कर्ष मान्य केला नाही. वाद चालू असला तरी ज्या मुलीला असा आजार आधीच आहे, तिच्यावर काढा तपासून पाहू नये. मी तरी माझ्या भाच्याला कधी दिला नाही.

नोबेलच्या शोधाने ती बरी होईल का? आज नाही. रुग्णांच्याच टी-रेग पेशी काढून, प्रयोगशाळेत वाढवून परत देण्याचे प्रयोग पोलंड आणि अमेरिकेत झाले. उपचार सुरक्षित दिसला, पण आजार मुळातून गेला नाही. टेप्लिझुमॅब नावाच्या औषधाला अमेरिकेत २०२२ मध्ये मान्यता मिळाली. ते टी पेशींवरच काम करतं आणि आजार साधारण दोन वर्षं लांबवतं, पण ज्यांना तो पूर्ण झालेला नाही त्यांच्यात. इन्सुलिन सुरू झालेल्या मुलीसाठी ती मान्यता नव्हती. दिशा खरी आहे आणि मला तिच्यावर मनापासून भरवसा आहे. म्हणूनच ही पोर तोवर डोळे, किडनी शाबूत ठेवून मोठी व्हायला हवी.

त्यासाठी तुमच्या हातात बरंच आहे. वर्गात ती अचानक घामाघूम झाली, हात थरथरले, असंबद्ध बोलू लागली, तर साखर उतरली आहे असं धरा. तीन चमचे साखर पाण्यात द्या, पंधरा मिनिटांनी पुन्हा तपासा. शुद्ध नसेल तर तोंडात काही घालू नका, थेट दवाखाना. उलट्या, पोटदुखी, खोल जोरजोरात श्वास, हे साखर फार चढल्याचं लक्षण आहे, तेव्हाही थांबू नका.

आजीच्या घरी फ्रिज नसेल तर माठात ओली वाळू भरा, बाटली झाकणाच्या डबीत घालून त्यात ठेवा आणि माठ सावलीत. पत्र्याच्या खोलीत, चुलीजवळ बाटली राहिली तर इन्सुलिन निकामी होतं, आणि बघून ते कळतही नाही. बर्फात गोठलेलंही वापरायचं नाही.

आणखी एक, यात जीव जाऊ शकतो. आपल्याकडे इन्सुलिनच्या दोन तऱ्हेच्या बाटल्या मिळतात, एका मिलिलिटरमध्ये ४० युनिट असलेली आणि १०० युनिट असलेली. ४० च्या बाटलीला लाल टोपणाची सिरिंज, १०० च्या बाटलीला नारिंगी टोपणाची. अदलाबदल झाली तर डोस अडीचपट होतो किंवा निम्म्याहून कमी. आजीला आकडे वाचता येत नसतील तर टोपणाचा रंग दाखवून शिकवा, आणि पहिले काही दिवस तुमच्यासमोर भरायला लावा. सध्या तिच्याकडे कोणती बाटली आणि कोणती सिरिंज आहे, ते उद्या बघून इथे कळवा.