स्टुटगार्टला येताय? इथल्या अनोळखी माणसांबद्दल थोडं

ताई, तुमचा प्रश्न वाचला. सांगलीत नर्सिंग झालंय, स्टुटगार्टच्या हॉस्पिटलात नोकरी पक्की आहे, नवरा आणि सहा वर्षांचा मुलगा मागाहून येणार. इथले लोक टक लावून बघतात हे खरं का, रात्रपाळी सांभाळताना एकटीने ये-जा करायला भीती वाटते का, आणि वेळ आलीच तर कुणी मदतीला धावतं का, हे तुम्हाला हवंय. महाराष्ट्र आणि बाडेन-वुर्टेमबर्ग (स्टुटगार्ट ज्याची राजधानी, ते जर्मन राज्य) यांच्यात २०२४ मध्ये कुशल मनुष्यबळाचा करार झाला तेव्हापासून पगार, घरभाडं आणि जर्मन भाषेच्या बी-टू परीक्षेवर सांगणारे गल्लोगल्ली झालेत, ते मी सोडून देते. मी मूळची सोलापूरची, आता स्टुटगार्टच्याच बाड कान्स्टाट भागात राहते.

हो, बघतात. आणि तुम्ही उलट बघितलंत तरी नजर वळवत नाहीत. एस-बानमध्ये, म्हणजे इथल्या लोकल गाडीत, समोरासमोरच्या चार सीटांवर बसलात की समोरची बाई तुमच्या डब्याकडे, बुटांकडे, टिकलीकडे निवांत बघत राहील. त्यात बहुतेकदा राग नसतो, कुतूहलही फारसं नसतं. आमच्या रस्त्यावर दुसऱ्या मजल्यावर एक आजी आहेत. खिडकीच्या कठड्यावर उशी ठेवायची, उशीवर दोन्ही कोपर टेकायचे आणि दुपारभर रस्ता बघायचा, हा त्यांचा नेम. कुणाची गाडी सायकलच्या पट्ट्यात घुसली, काचेच्या बाटल्या कुणी रविवारी डब्यात टाकल्या, सगळी नोंद असते. मी ‘ग्रूस गॉट’, म्हणजे इथला नमस्कार, म्हटलं की मान हलवतात. मी कुठली, काय करते, लग्न झालंय का, हे त्यांनी आजवर विचारलेलं नाही.

ही गोष्ट तुम्हाला सगळ्यात जड जाईल. आपल्याकडे अनोळखी माणूस जिन्यात दिसला की ‘कुणाकडे आलात?’ हा पहिला प्रश्न, आणि दुसऱ्या मिनिटाला गाव आणि आडनाव निघतं. इथे तुम्ही कोण याच्याशी कुणाला देणंघेणं नाही, तुम्ही वागता कसं याच्याशी मात्र प्रत्येकाला आहे. माणसाला मोकळं सोडतील, वागण्याला नाही. हे एकदा डोक्यात बसलं की निम्म्या गोष्टी मनाला लागेनाशा होतात.

पादचाऱ्यांचा सिग्नलच बघा. रस्ता दोन्ही बाजूंनी रिकामा, एक गाडी नाही, तरी लोक लाल दिव्याला उभे. दंड म्हणाल तर अवघा ५ युरो, आणि तोही क्वचितच कुणाला होतो. पण शेजारी लहान मूल उभं असताना तुम्ही ओलांडलंत तर पाठीमागून कुणीतरी खणखणीत आवाजात सुनावेल. कित्येक सिग्नलांवर मुलांपुढे आदर्श ठेवा अशी पाटीच असते. सायकलच्या पट्ट्यावरून चालणं, जिन्यात बाबागाडी आडवी ठेवणं, रात्री दहानंतर मिक्सर लावणं, सगळ्याचा न्याय असाच जागच्या जागी होतो. (मिक्सरचं लक्षात ठेवा. इडलीचं पीठ दुपारीच वाटा, आणि रविवारी तेही नको.)

आणि इथली खासियत म्हणजे केअरवोखे, इमारत झाडण्याची आळीपाळी. तुमच्या दाराच्या मुठीला एक पाटी येऊन लटकते, म्हणजे आठवडा तुमचा. जिना पुसायचा, आणि मोठी पाळी असेल तर फुटपाथ, कचऱ्याच्या डब्यांची जागा, हिवाळ्यात बर्फसुद्धा. शहराने सक्तीचा नियम १९८८ मध्ये काढून टाकला, पण भाडेकरारात ती बहुतेक ठिकाणी टिकून आहे, आणि करारापेक्षाही शेजाऱ्यांच्या नजरेत. जिन्यात चिकटवलेली सूचना वाचाल तर शनिवार पेठेत असल्यासारखं वाटेल, फक्त विनोद काढून घेतलेला.

कायद्याने वागणाऱ्या माणसाला बोलायचा हक्क आहे, ही समजूत इथे खोल आहे. वाकड्या लावलेल्या गाड्यांचे फोटो काढून पालिकेला पाठवणारे लोक आहेत. आन्सबाखच्या न्यायालयाने २०२२ मध्ये असे फोटो पाठवायला हरकत नाही असंही सांगितलं. पण चहाडखोर म्हणून नावं ठेवली जातात तीही त्यांनाच, आणि त्याला कारण आहे. शहराच्या मध्यात ‘हॉटेल सिल्बर’ नावाची इमारत आहे. नाझी काळात गेस्टापोचं, म्हणजे गुप्त पोलिसांचं, वुर्टेमबर्गमधलं मुख्यालय तिथे होतं, २०१८ पासून संग्रहालय आहे. गेस्टापोचं बरंचसं काम लोकांनी आपणहून दिलेल्या खबरांवर चालायचं. शेजाऱ्याने शेजाऱ्याचं नाव दिलं आणि माणूस गेला, असं घडलेला हा देश. तेव्हा नियम मोडला म्हणून तोंडावर बोलणं वेगळं आणि गुपचूप कळवणं वेगळं, हा फरक जुनी माणसं फार जपतात. पहिल्या रविवारी वेळ मिळाला तर जाऊन या.

कॅमेऱ्याबाबतीत लोक भलतेच हळवे आहेत. आपल्याकडे दारावर सीसीटीव्ही लावणं म्हणजे शहाणपण. इथे सामायिक जिन्यावर किंवा रस्त्यावर रोखलेला कॅमेरा लावलात तर वकिलाचं पत्र येऊ शकतं. माणसाचा फोटो त्याच्या संमतीशिवाय प्रसिद्ध करायचा नाही हा कायदा १९०७ चा आहे. जर्मनीचा पहिला चान्सेलर बिस्मार्क वारला तेव्हा दोन फोटोग्राफर त्याच्या खोलीत घुसले आणि मृतदेहाचा फोटो काढून विकायला निघाले, तिथून तो विषय पेटला. अपघातात मेलेल्यांचे फोटो काढणं तर आता गुन्हाच आहे. रील काढायची हौस असेल तर मागची माणसं, विशेषतः मुलं, चौकटीत येऊ देऊ नका.

आता मदतीचं. तुमच्या प्रश्नाचा गाभा तोच आहे.

संकटात सापडलेल्याला मदत न करणं हा जर्मनीत गुन्हा आहे. दंडसंहितेचं कलम ३२३ क, शिक्षा एक वर्षापर्यंत कैद किंवा दंड. हे कागदावरचं नाही. २०१६ मध्ये एसेनमध्ये एक वृद्ध गृहस्थ बँकेच्या एटीएमच्या खोलीत कोसळले. एकामागून एक गिऱ्हाइकं आली, त्यांना वळसा घालून पैसे काढून गेली. सगळं बँकेच्या कॅमेऱ्यात टिपलं गेलं, आणि पुढच्या वर्षी तिघांना २,४०० ते ३,६०० युरोंचा दंड झाला. कुणीतरी बेघर झोपलाय असं वाटलं, हा त्यांचा बचाव कोर्टाने मानला नाही. तुम्ही तर नर्स, तुमच्याकडून अपेक्षा जास्तच. ११२ ला, म्हणजे रुग्णवाहिकेला, फोन करणं ही किमान पायरी, बाकी जे तुमच्या हातून धडपणे होईल ते.

म्हणजे लोक धावून येतात का? रस्त्यात कुणी पडलं, तर होय, आणि पद्धतशीर येतात. गाडीचा परवाना काढताना प्रत्येकाला प्रथमोपचाराचा वर्ग करावाच लागतो, त्यामुळे निदान कुशीवर कसं वळवायचं एवढं माहीत असतं. मारामारी किंवा छेडछाड असेल तर मात्र घोळका थबकतो. त्यामागेही आठवणी आहेत. १२ सप्टेंबर २००९ ला म्युनिकच्या झॉल्न स्टेशनवर डोमिनिक ब्रुनर नावाचे गृहस्थ शाळकरी मुलांना दोन तरुणांपासून वाचवायला मध्ये पडले आणि मारहाणीत गेले. २०१४ मध्ये ओफेनबाखला तुग्चे अल्बायराक ही विद्यार्थिनी दोन मुलींच्या बाजूने उभी राहिली, तिचाही जीव गेला. पोलिसांचं सांगणं ठरलेलं आहे: स्वतःला धोक्यात न घालता मदत करा, दुसऱ्यांना सोबत घ्या, हल्लेखोराचं वर्णन लक्षात ठेवा, पोलिसांचा ११० लावा, ज्याला लागलंय त्याच्यापाशी थांबा, साक्षीदार व्हा. हिरोगिरी कुठेच नाही.

म्हणून मदत मागायची तऱ्हा शिकून घ्या. मोघम ‘वाचवा’ ओरडून माणसं हलत नाहीत. बोट दाखवून म्हणायचं, ‘ओ, निळं जॅकेट, पोलिसांना फोन करा. आणि लाल पर्सवाल्या ताई, तुम्ही माझ्याजवळ थांबा.’ ज्याच्याकडे बोट गेलं तो बहुतेकदा उठतो, बघत बसलेला डबा जागा होतो. आणखी एक, जे इथल्या स्वसंरक्षणाच्या वर्गात हमखास सांगतात: कुणी अंगाशी येत असेल तर त्याच्याशी ‘डू’ने बोलू नका, ‘झी’ने, अहो-जाहोने, आणि मोठ्याने बोला. ‘तू मला सोड’ ऐकलं तर लोकांना नवराबायकोचं भांडण वाटतं आणि ते मान फिरवतात. ‘अहो, लांब व्हा, मी तुम्हाला ओळखत नाही’ ऐकलं की सगळ्यांना कळतं. जर्मन कितीही तोडकं असो, ही दोन वाक्यं पाठ करून या.

रात्रपाळीचं म्हणाल तर मला पुण्याच्या रात्रीपेक्षा इथे निर्धास्त वाटतं. बसमध्ये ड्रायव्हरच्या जवळ बसा, ट्रेनमध्ये माणसं असलेला डबा बघा, फलाटावरचा आणीबाणीचा खांब कुठे आहे ते पहिल्याच दिवशी बघून ठेवा. त्रास होतो तो दारूचा. कान्स्टाटला वासेन मैदानावर वसंतात एकदा आणि सप्टेंबर-ऑक्टोबरात एकदा जत्रा भरते, शिवाय फाउ-एफ-बे या इथल्या क्लबचे फुटबॉल सामने. त्या दिवसांत संध्याकाळच्या गाड्या गाणाऱ्या, झिंगलेल्या माणसांनी ठासून भरतात. बहुतेक निरुपद्रवी, पण अंगावर बिअर सांडून घ्यायची हौस नसेल तर वीस मिनिटं थांबून पुढची गाडी धरा.

गोड गोड लिहिणारे जे गाळतात तेही सांगते. २०२४ मध्ये मे महिन्यात मानहाइमला पोलिसाचा चाकूहल्ल्यात जीव गेला, ऑगस्टमध्ये झोलिंगेनला पुन्हा चाकूहल्ला, डिसेंबरात माग्डेबुर्गच्या ख्रिसमस बाजारात गाडी घुसवली. संशयित परदेशातून आलेले. २०२५ च्या निवडणुकीत स्थलांतराला विरोध करणाऱ्या आफडे पक्षाला २०.८ टक्के मतं पडली. सावळ्या पुरुषाकडे बघायची नजर २०१५ च्या ३१ डिसेंबरला कोलोनमध्ये गर्दीत बायकांवर हल्ले झाले त्या रात्रीपासूनच बदलली होती, ती आता आणखी घट्ट झालीय. हे तुमच्यापेक्षा तुमच्या नवऱ्याला जास्त जाणवेल. ट्रेनमध्ये चार जणांत नेमके त्यांचेच कागद तपासले जातील. २०१२ मध्ये कोब्लेन्झच्या उच्च प्रशासकीय न्यायालयाने केवळ कातडीच्या रंगावरून तपासणी करणं घटनेत बसत नाही असं सांगितलं, तरी प्रकार थांबलेले नाहीत. निवासाचं कार्ड पाकिटात असू द्या, तपासणीचं कारण शांतपणे विचारा, तेवढा हक्क आहे. आणि हानाऊ विसरू नका. १९ फेब्रुवारी २०२० ला तिथे वंशद्वेषातून नऊ जणांना गोळ्या घातल्या गेल्या. भीती दोन्ही बाजूंना आहे, आणि आपल्याला हिशेब दोन्हींचा ठेवावा लागतो.

बेवारस बॅगेवर इथेही घोषणा होतात. मुंबईच्या लोकलला सरावलेल्यांना नवल नाही. २००६ मध्ये कोलोनहून सुटलेल्या दोन गाड्यांत सुटकेसबॉम्ब सापडले होते, नशिबाने फुटले नाहीत. तीन बॅगा घेऊन उतरलात की एक फलाटावर ठेवून लिफ्ट शोधायला जाऊ नका.

एवढं सावध शहर दुसऱ्या टोकाला विश्वासही ठेवतं. स्टेशनला फाटक नाही, तिकीट कुणी विचारत नाही, साध्या कपड्यातला तपासनीस मात्र कधी उगवेल सांगता येत नाही आणि दंड ६० युरो. शहराबाहेर फुलांची शेतं असतात, सुरी तिथेच ठेवलेली, आपण फुलं कापायची, पैसे लोखंडी डब्यात टाकायचे. कुरिअरवाला तुमचं पार्सल चौथ्या मजल्यावरच्या अनोळखी माणसाकडे देऊन मोकळा होतो, तुम्हाला पेटीत चिठ्ठी. ओळखी होतात त्या अशाच. पार्सल आणायला जाताना हातात लाडू असले तर पुढच्या वेळी दार लवकर उघडतं. डॉक्टरकडच्या बाकावर बसायच्या आधी सगळ्यांना मिळून एक नमस्कार घाला, लिफ्टमध्येही. ट्रेनमध्ये मात्र कुणालाही नाही.

मुलाचं शेवटी. पहिलीतली मुलं इथे चालत शाळेत जातात, बरीचशी आईबापांशिवाय, टोळीने, अंगावर चमकणारा पिवळा पट्टा. तुम्हाला पहिले महिने धास्ती वाटेल, पण ती खिडकीतली आजी, बेकरीवाली, सिग्नलला उभे असलेले लोक, सगळ्यांचा डोळा त्या पिवळ्या पट्ट्यांवर असतो. दुसऱ्यांच्या मुलांचे गाल मात्र ओढू नका, खाऊ देण्याआधी आईला विचारा. शाळा सप्टेंबरच्या मध्यावर सुरू होते, त्याआधी त्याच्यासोबत तो रस्ता रोज चालून घ्या. आणि घर मिळाल्या दिवशीच घंटीवर आणि पत्रपेटीवर आडनाव चिकटवा. इथे फ्लॅटला नंबर नसतो, आडनाव दिसलं नाही तर पोस्टमन शाळेचं पत्र परत घेऊन जातो.