एकत्र रिलीज होणाऱ्या ओपन सोर्स टूल्सना नाव काय द्यावं?

पुण्यातल्या तुमच्या गटाची सात टूल्स दर तिमाहीला एकत्र निघतात, तर नाव त्या गठ्ठ्याला द्या; टूल्सची जुनी नावं तशीच राहू द्यात. केडीई या ओपन सोर्स समुदायाने एप्रिल 2021 मध्ये हेच केलं: गठ्ठा 'गिअर', आवृत्ती 21.04, म्हणजे वर्ष आणि महिना. नावात 'डेस्कटॉप' वगैरे नको, उद्या सर्व्हर टूल आलं की पंचाईत. 'पुणे'ही टाळा, ठिकाणाच्या नावावर ट्रेडमार्क नोंदणीत आक्षेप येऊ शकतो. 'मुळामुठा' गोड आहे खरं, पण स्पेलिंग चौघं चार तऱ्हेने करतील आणि इन्स्टॉल कमांड फसेल. आधी आयपी इंडियाच्या (सरकारी ट्रेडमार्क कार्यालयाच्या) मोफत शोधात वर्ग 9 आणि 42 (सॉफ्टवेअर आणि त्याच्या सेवा) बघा, मिळत्याजुळत्या उच्चारांसकट. मग गिटहब (कोड ठेवायची जागा), पायपीआय (पायथन पॅकेजेसचं भांडार) आणि डोमेन इथे नाव मोकळं आहे का बघा. दुसऱ्याचं टूल गठ्ठ्यात असेल तर त्याचं नाव आपल्या नावात गुंफू नका: उदाहरणार्थ अपाची 2.0 हे ओपन सोर्स लायसन्स कोड वापरू देतं, ट्रेडमार्क नाही.